रॅटच्या मूत्रपिंडातील आपोआप उद्भवणाऱ्या गाठी : नवोदित विकृतिशास्त्रज्ञांसाठी

विषविकृतिशास्त्राच्या, म्हणजे औषधे व रसायनांमुळे ऊतींत होणारे बदल तपासण्याच्या, कामात नव्याने येणाऱ्यांना मी सुरुवातीला गाठी दाखवत नाही. दोन वर्षांच्या प्रयोगाअखेरच्या, औषध न दिलेल्या कंट्रोल गटातील नर रॅटच्या मूत्रपिंडांचे काप त्यांनी आधी मनसोक्त पाहावेत, असा माझा आग्रह असतो. फिशर 344 आणि स्प्रेग-डॉली या दोन्ही प्रकारच्या रॅटमध्ये वयानुसार क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाचा हळूहळू वाढत जाणारा विकार इतका सर्रास आढळतो, की त्याची ओळख पक्की झाल्याशिवाय गाठीविषयीचे कोणतेही मत भरवशाचे ठरत नाही. निळसर रंग घेणाऱ्या नलिका, जाड झालेले तळपटल, नलिकांत साचलेली प्रथिने आणि निकामी होत चाललेले ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) ही त्याची खूण होय. मादीपेक्षा नरात तो अधिक तीव्र असतो.

याउलट नलिकापेशींच्या आपोआप होणाऱ्या गाठी विरळ असतात. त्यामुळे औषध दिलेल्या पन्नास प्राण्यांच्या गटात दोन-तीन दिसल्या, की साऱ्यांचे लक्ष तिकडे वळते. विकार अंतिम टप्प्यात पोहोचलेल्या मूत्रपिंडांत अशा गाठींचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून गाठ असलेल्या प्रत्येक प्राण्यात विकाराची तीव्रता किती होती, हे मी शेजारी मांडून पाहतो. काही रसायनांमुळे केवळ नर रॅटमध्ये अल्फा-2यू-ग्लोब्युलिन हे प्रथिन नलिकांत साचून गाठी होतात; ही यंत्रणा माणसाला लागू होत नाही, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1991 मध्ये तसा निष्कर्ष मांडलेला आहे. मात्र प्रथिनाचे थेंब प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय या स्पष्टीकरणाचा आधार घेणे मला पटत नाही.

वारशाने येणाऱ्या गाठींचा विचार नवोदितांच्या मनात सहसा येत नाही. एकर रॅटमध्ये टीएससी2 जनुकातील दोषामुळे दोन्ही मूत्रपिंडांत अनेक गाठी होतात. हा वारसा 1954 मध्ये प्रथम नोंदवला गेला. स्प्रेग-डॉली रॅटमध्ये तर पोकळ्या असलेल्या, आम्लधर्मी व आम्लारिधर्मी असे दोन्ही रंग धरणाऱ्या पेशींची एक वेगळीच गाठ आढळते, जी तरुण प्राण्यांतही, अनेकदा दोन्ही बाजूंना आणि एकाच कुळातील भावंडांत दिसते. अशी गाठ दिसताच मी प्रजननाच्या नोंदी मागवतो. एकाच पिलावळीतील प्राणी योगायोगाने एका मात्रागटात (औषधाची ठरावीक मात्रा दिलेल्या गटात) गेले असतील, तर आकडेवारी औषधाकडे बोट दाखवू लागते.

अतिवृद्धी (पेशींची नुसती वाढ), अॅडिनोमा (सौम्य गाठ) आणि कार्सिनोमा (कर्करोगाची गाठ) यांच्यामधल्या रेषा पुसटच असतात. शंका उरल्यास मूत्रपिंडाचे आणखी काप घ्यावेत, परंतु ते कंट्रोल गटासह सर्व गटांत सारख्याच संख्येने घ्यावेत. केवळ वरच्या मात्रेच्या गटात जास्त काप केल्यास तिथेच जास्त गाठी सापडणार, हे उघड आहे.