हळद-बेदाणा विकताय? गिऱ्हाइकांचे ईमेल आजपासून जमवा

सांगलीची हळद किंवा तासगावचा बेदाणा घरून विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची ईमेल यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी. खर्च जवळपास काहीच नाही. पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: "नवा माल आला की कळवू का?" जो हो म्हणेल त्याचंच नाव, ईमेल आणि तारीख गूगल शीटमध्ये लिहा. विकतच्या याद्यांना हात लावू नका. अनोळखी माणसं आपली मेल स्पॅम ठरवतात, आणि मग नेहमीच्या गिऱ्हाइकांकडेही ती स्पॅममध्येच जायला लागते.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल पाठवता येते. पत्ते मात्र 'बीसीसी'मध्येच टाका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो. गिऱ्हाइकाचा विश्वास इथेच तुटतो! यादी वाढली की मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेचा मोफत प्लॅन बघा. नाव काढून घेण्याची लिंक त्यात आपोआप येते. तोवर "नको असेल तर 'नको' एवढंच कळवा" ही ओळ शेवटी लिहा, आणि कुणी तसं कळवलं तर त्याच दिवशी नाव काढा.

महिन्याला एक मेल पुरे. नवी हळद आली की विषयात सरळ लिहा: "नवी हळद आली, अर्धा किलो, घरपोच". भाव आणि कुरिअरचा खर्च पहिल्या दोन ओळींत.