किती सिस्टर लागतील? हिशेब मांडताना या चुका टाळा

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गरजेचे हिशेब माझ्याकडे तपासायला येतात. माणसं बदलतात, चुका त्याच. सगळ्यात लाडकी चूक म्हणजे लोकसंख्येला ५,००० ने भागायचं आणि आलेला आकडा पुढे पाठवायचा. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे एक, हा निकष उपकेंद्रं किती हवीत ते सांगतो. तिथल्या सिस्टरवर काम किती पडतं, ते त्यातून कळत नाही. त्यातही किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांना ५,००० लावलेले कागद मी पाहिले आहेत.

कामाच्या भारावरून माणसं मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे, तिला विस्न म्हणतात. वर्षभरात झालेलं काम, एका कामाला लागणारा वेळ आणि एका माणसाच्या हाती असलेला वेळ, या तीन गोष्टींवर ती उभी आहे. पद्धत चांगलीच आहे. पण ‘झालेलं काम’ या शब्दांशी थांबायचं असतं, आणि नवशिके नेमके तिथूनच पळत पुढे जातात.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राचं उत्तर आलं: ०.४ एएनएम, म्हणजे उपकेंद्राला अर्धी सिस्टरही नको. हिशेब करणारा मुलगा हुशार, सूत्रात एक चूक नाही. मी म्हटलं, चल, बघून येऊ. एएनएमचं पद चौदा महिने रिक्त होतं. शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर लसीकरणाच्या दिवशी तेवढी येऊन जायची. रजिस्टरची पानंच्या पानं कोरी, मधेच चार नोंदी. आशाताईंनी पिशवीतून आपली वही काढली. त्यांच्या एकट्या गावात, हजारेक वस्तीत, त्या वर्षी एकोणीस गरोदर माता होत्या. कोणी तालुक्याला गेली, कोणी उसनवारी करून खाजगीत, आणि दोघी कुठेच गेल्या नव्हत्या. माणूस नाही म्हणून काम झालं नाही, काम झालं नाही म्हणून गरज दिसत नाही, आणि गरज दिसत नाही म्हणून पद भरायची निकड नाही. त्या गावाची हीच कोंडी झाली होती.

तेव्हापासून मी रजिस्टरआधी अपेक्षित काम काढतो. ५,००० लोकसंख्या, जन्मदर हजारी १६ धरला तर ८० जन्म; गर्भपात वगैरे धरून त्यात दहा टक्के मिळवले की ८८ गरोदर माता. रजिस्टरमध्ये २५ च दिसल्या तर आधी उरलेल्या ६३ जणी शोधायच्या. एक्सेल नंतर.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या जातात, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. वर्षाची सरासरी काढली की हे सगळं सपाट होऊन जातं. जानेवारीत उपकेंद्र शांत, आणि टोळ्या परतल्या की डोस चुकलेली लेकरं आणि दिवस भरत आलेल्या बाया एकदमच दारात. मी बारा महिन्यांचे बारा आकडे मांडल्याशिवाय सही करत नाही. मंजूर पदं महिन्यागणिक बदलत नाहीत, पण जादा लसीकरण सत्रं, रजा आणि प्रशिक्षणं त्या आकड्यांवरून आखता येतात. कारखान्यावर या बायांची तपासणी होते, तो भार तिकडच्या केंद्राच्या हिशेबात धरायलाच हवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. वर्ष ३६५ दिवसांचं धरू नका. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ३१२. सण, रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता साधारण २३० उरतात. एका तपासणीला २० मिनिटं आणि दिवसाचे सात तास धरले तर वर्षाला ४,८३० तपासण्या होतात. ३६५ दिवसांनी तेच ७,६६५ दिसतात आणि दर तीन सिस्टरमागे एकीहून जास्त कागदावरच गायब होते. कामाला किती वेळ लागतो ते दोन-तीन जुन्याजाणत्या सिस्टरना विचारा. एक दिवस घड्याळ लावून बसणं पुरत नाही. मंजूर पदं म्हणजे भरलेली पदं नव्हेत.

अहवाल-बैठकांत ३० टक्के वेळ जात असेल तर १.३ ने गुणू नका. उरलेल्या ७० टक्क्यांत काम बसवायचं असतं, म्हणून ०.७ ने भागा. दोन माणसांचे २.६ नव्हे, २.८६ होतात.

त्या उपकेंद्राचा हिशेब आम्ही पुन्हा केला. उत्तर १.६ आलं, म्हणजे दोन एएनएम. प्रस्तावाला आशाताईंच्या वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली.