जुन्या फोर बाय फोरचं क्राऊन-पिनियन बदलताय? या चुका टाळा

मोठे टायर चढवले की पंधरा दिवसांत तक्रार येते, "गाडी ओढत नाहीये." ओढणार कशी? एक्सलच्या डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) क्राऊन आणि पिनियन ही मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी असते. चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलला जोर नेणारा दांडा, किती फेऱ्या घेतो, तो तिचा रेशो. २९ इंची टायर आणि ४.१० रेशोच्या गाडीला ३३ इंची टायर घातले, की ती ३.६० रेशो असल्यासारखी चालते. पूर्वीचा जोर परत हवा तर ४.१० ला ३३ ने गुणा आणि २९ ने भागा. उत्तर येतं ४.६७. नेमका तेवढा मिळायचा नाही, ४.५६ किंवा ४.८८ वर भागवावं लागतं. चिखलदगडांतच जास्त फिरणाऱ्याला मी ४.८८ सांगतो. दोन मिनिटांचा हिशेब, पण लोक आधी पार्ट मागवतात आणि मग हिशेब विचारतात.

गाडीच्या प्लेटवर लिहिलेल्या रेशोवर विसंबणं

जुनी गाडी तीन-चार मालकांच्या हातून आलेली असते. मधल्या कुणी काय बदललं, ते प्लेटला माहीत नसतं. एकजण रडकुंडीला येऊन गाडी घेऊन आला होता. फोर बाय फोर टाकलं की गाडी जखडल्यासारखी व्हायची आणि लिव्हर परत काढायला दोन्ही हात लावावे लागायचे. त्याने तोवर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीची) चेन बदलली होती, पुढची चाकं एक्सलला जोडणारे नवे लॉकिंग हबही बसवले होते. प्लेटवर ४.१०. मोजलं तर मागे ४.१० आणि पुढे ३.७३! आधीच्या कुणीतरी भंगारातला पुढचा एक्सल टाकलेला. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे लिव्हर टाकल्यावरच चारही चाकं ओढतात त्या गाडीत, लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधलेले असतात. रेशो वेगळे असले की चाकं आपसांत भांडतात. चिखलात घसरून तो ताण सुटतो, कोरड्या जमिनीवर सुटत नाही.

म्हणून मी आधी मोजतो. मागच्या एक्सलसाठी पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. चाकाला आणि प्रोपेलर शाफ्टला खडूने खूण करून चाक २० वेळा फिरवा. डिफ साधा असेल तर एकच चाक फिरत असल्याने शाफ्ट निम्म्याच फेऱ्या घेतो, म्हणून त्याच्या फेऱ्यांना २० ऐवजी १० ने भागायचं: ४१ फेऱ्या म्हणजे ४.१०, ३७ च्या थोडं पुढे म्हणजे ३.७३. पुढेही हेच, फक्त ठोकळे मागच्या चाकांना आणि हब लॉक केलेले. लॉकर किंवा एलएसडी (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा किंवा त्यांचं वेगवेगळं फिरणं आवरणारा डिफ) असेल तर या युक्तीच्या नादी लागू नका. कव्हर उघडून दात मोजा.

"आत्ता मागचं करतो, पुढचं पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: तोवर फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावायचा नाही. चिखलातसुद्धा नाही.

पिनियनचा नट मागे फिरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. अनेक डिफमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये कोलॅप्सिबल स्पेसर, म्हणजे चेपणारी नळी, असते. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगवर ठरावीक प्रीलोड, म्हणजे आधीचाच दाब, येतो. चेपायला भयंकर जोर लागतो. आणि एकदा स्पेसर चेपायला लागला की नट इंचभर फिरला तरी प्रीलोड हद्दीबाहेर जातो. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी निघायचं ठरलेलं. पान्याला चार फुटी पाइप लावून मी हिसका दिला आणि पिनियन हाताने फिरेना. दुसरा स्पेसर नव्हता. नट पाव फेरी ढिला केला. पिनियन लोण्यासारखा फिरायला लागला आणि मी खूश!

चेपलेला स्पेसर परत ताणून उठत नाही. नट सोडला की बेअरिंगं पकडून ठेवायला काहीच उरत नाही. तीनेकशे किलोमीटरवर अॅक्सिलरेटर सोडला की घूंऽऽ असा आवाज यायला लागला, पुढे पिनियनच्या बेअरिंगचा चुरा झाला आणि त्या चुऱ्याने क्राऊनचे नवे दात खाल्ले. आता मी दोन स्पेसर आणि दोन नट घेतल्याशिवाय डिफ उघडतच नाही. नट किंचित आवळायचा, पिनियन चारदा फिरवायचा, प्रीलोड मोजायचा, परत किंचित. कंटाळा येतो. येऊ दे.

हे झाल्यावर बॅकलॅश, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजा. बहुतेक ठिकाणी ०.१५ ते ०.२५ मिलीमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. "हाताला प्ले बरोबर लागतोय" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. दातांना मार्किंग पेस्ट लावून ठसा बघा. क्राऊन एका सेटचा आणि पिनियन दुसऱ्याचा, असला उद्योग तर नकोच.

बाकीच्या, थोडक्यात

प्रोपेलर शाफ्ट सुटा करताना दोन्ही तुकड्यांवर खूण करा. स्प्लाइनवर एक दात इकडेतिकडे झाला, तर गाडी थरथरते आणि लोक टायर बॅलन्स करत बसतात.

गिअरबॉक्स काढलाच आहे तर क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही बदला. परत चढवताना गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवू नका, क्लच प्लेट वाकते.

मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेल्या गिअरबॉक्समध्ये डिफचं उरलेलं जीएल-५ ओतू नका. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही.

एक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, तुंबलेला असेल, तर नवं ऑइल सीलही गळेल. सीलला शिव्या देण्याआधी ब्रीदर फुंकून बघा.

आणि नवं क्राऊन-पिनियन बसवल्या दिवशी ट्रेलर ओढायला निघू नका. पहिली फेरी पंचवीस-तीस किलोमीटरची, हलक्या पायाने; मग डिफ पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. आठशे किलोमीटरच्या आसपास मी तेल बदलतो आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बोट फिरवतो. राखाडी, मऊ लेप असेल तर ठीक. बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर तेल भरू नका. कव्हर परत उघडा.