पाळणाघरात मुलांच्या जेवणाचा हिशेब: या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ, वाशीम, अकोल्याकडच्या गावांत सकाळी आठपर्यंत घरं रिकामी होतात. आई वावरात, आजीही वावरात आणि लहान लेकरं गल्लीतल्या एखाद्या काकूकडे. कुठे चार, कुठे आठ-दहा. दारावर पाटी नसते, पण ते पाळणाघरच असतं. या बायांकडून एक गोष्ट हमखास ऐकू येते: "लेकरं सांभाळाचं जमते जी, जेवणाचंच परवडत नाही." महागाई आहेच, पण बरेचदा तिच्याइतकाच हिशेबाचा घोळही असतो. हिशेब चुकला की वरण पातळ होतं, दुधाच्या जागी चहा-बिस्किट येतं, म्हणजे तूट शेवटी लेकराच्या ताटातून भरून निघते. मला या विषयावर लिहावंसं वाटतं ते यासाठी.

सांभाळायचे आणि जेवणाचे पैसे एकत्र सांगणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "महिन्याचे इतके, जेवण धरून" असं एकदा सांगितलं की तूरडाळीचा भाव चढल्यावर काहीच बोलता येत नाही. बोललात तर आईबापाला वाटतं, काकूनं आपली मजुरी वाढवली. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन आकडे सांगा: सांभाळायचे इतके, जेवणाचे इतके. सांभाळायचा आकडा वर्षभर तोच ठेवा. जेवणाचा आकडा दर तीन महिन्यांनी किराण्याच्या भावावर बदलेल, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

जेवणाचा आकडा अंदाजाने ठरवू नका. दोन ते पाच वर्षांची आठ मुलं आणि महिन्याचे २४ दिवस धरू. एका मुलाला रोज २५ ग्रॅम डाळ, ४० ग्रॅम तांदूळ, ५ ग्रॅम तेल, १०० मिली दूध, वरून १५ ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि १० ग्रॅम गूळ. महिन्याला होते डाळ पावणेपाच किलोच्या वर, तांदूळ पावणेआठ किलोच्या आसपास, तेल जवळपास एक किलो, दूध १९ लिटर, शेंगदाणे तीन किलोला थोडे कमी, गूळ दोन किलोला थोडा कमी. विदर्भाच्या पश्चिमेकडच्या गावांत यात अर्धी भाकर किंवा पोळी येईल, भंडारा-गोंदियाकडे भातच थोडा जास्त लागेल. भाजी, मीठ-मसाला आणि आठवड्यातून दोनदा अंडं देत असाल तर महिन्याची ६४ अंडी वेगळी धरा. आता तुमच्या दुकानातले भाव घाला, बेरीज करा आणि आठने भागा. जो आकडा निघेल तो एका मुलाच्या जेवणाचा महिन्याचा दर.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंगणवाडीच्या आहाराचं माप मुलामागे दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं. वरच्या मापात भाकर आली की आपण तिथवर पोचतो. डाळ, दूध आणि शेंगदाणे यांतलं एक जरी गाळलं तरी पोट भरल्यासारखं दिसतं, पण प्रथिनं कमी पडतात. दर ठरवताना घासाघीस होणारच, पण या तीन गोष्टींवर ती करू नका.

गॅस, साबण आणि सांडलेलं अन्न न धरणे

किराण्याची चिठ्ठी जपून ठेवणाऱ्या बायाही गॅस विसरतात, कारण सिलिंडर घरचाच असतो. मुलांचा वाटा काढणं अवघड नाही. सिलिंडर लावला की त्याच्यावर खडूने तारीख लिहा. मुलं नसताना तो ४५ दिवस जात असेल आणि मुलं असताना ३० दिवसांत संपत असेल, तर त्यातला एक तृतीयांश गॅस मुलांचा. तेवढे पैसे जेवणात धरा. चुलीवर रांधत असाल तर सरपणाचंही तसंच. भांड्यांचा साबण, पिण्याचं पाणी विकत घेत असाल तर ते आणि पोरं जे सांडतात ते मिळून बेरजेवर थोडी वाढ ठेवा. दोन वर्षांचं लेकरू सांडणारच, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

महिन्याच्या एक तारखेचा हट्ट

वेचणीची मजुरी किलोवर असते आणि बहुतेक ठिकाणी ती आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पडते. त्या घराकडे एक तारखेला पैसे मागितले तर ते नसतातच, आणि मग उधारी चढते. जेवणाचे पैसे बाजाराच्या दिवशी, पुढच्या आठवड्याचे आगाऊ घ्या. त्याच दिवशी तुमचाही किराणा होतो. सांभाळायचे पैसे महिन्याने घेतले तरी चालतील, पण जेवणाचे मागे ठेवू नका, कारण ते तुम्हाला दुकानात रोख मोजावे लागतात.

पैशाऐवजी धान्य घ्यायला लाजू नका. तुरी निघाल्या की पुष्कळ घरं खुशीने तूर देतात. फक्त किलो-दोन किलो असं मोघम घेऊ नका. त्या दिवसाच्या बाजारभावाने तुरीचे रुपये काढा आणि वहीत जमा करा. इथे एक चूक फार होते: किलोभर तूर म्हणजे किलोभर डाळ असं धरलं जातं. टरफल आणि चुनी (डाळीचा बारीक चुरा) जाऊन हातात डाळ पाऊण किलोच्या आतच येते, वर दळणाचे पैसे वेगळे. तूर तुरीच्याच भावाने लिहा, डाळीच्या नाही.

गैरहजेरीचा नियम आधी न ठरवणे

पोळा, तान्हा पोळा, लग्नसराई, मामाच्या गावची दहा दिवसांची मुक्कामी वारी. मग भांडण सुरू होतं की पोरगं जेवलंच नाही तर पैसे कशाचे. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर त्या दिवसाचे जेवणाचे पैसे माफ, सकाळी कळवलं तर नाही, एवढा साधा नियम पुरतो. सांभाळायचे पैसे दोन्ही वेळा लागतील.

मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत गडचिरोली-गोंदियाकडे उलटी अडचण येते. आई पहाटेच जंगलात जाते आणि लेकरू उपाशीपोटी तुमच्या दारात येतं. ही सकाळची न्याहारी ठरलेल्या दरात बसत नाही. मार्च ते मेपर्यंत न्याहारीचा वेगळा छोटा दर ठेवा, निदान आंबील किंवा गूळ-भाकर पोटात जाईल.

अंगणवाडीकडे दुर्लक्ष

"अंगणवाडीत तं फुकट भेटते, मग तुम्ही कायचे पैसे घेता?" हा प्रश्न येईल, त्याला उत्तर तयार ठेवा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोजचा आहारखर्च ६ रुपयांवरून ८ रुपये केला, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. पण सेविका-मदतनिसांचं मानधन त्यात नाही, आणि अंगणवाडी तुमच्यासारखी संध्याकाळपर्यंत उघडी नसते. त्या आकड्याशी तुमचा दर तोलणं बरोबर नाही.

मात्र तिथे मिळणारं मुलाच्या हक्काचं आहे, ते सोडूही नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम ताजा आहार अंगणवाडीतच मिळतो, म्हणून त्या वेळेला त्याला तिथे नेऊन आणा आणि त्या घरासाठी दुपारच्या जेवणाचा दर कमी करा. तीन वर्षांखालच्यांचा शिधा घरी जातो. आईला सांगा, त्यातला लेकराचा वाटा डब्यात देत जा. तो त्याच लेकराला खाऊ घाला, सगळ्यांच्या भांड्यात मिसळू नका. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, त्याचीही चौकशी सेविकेकडे करा. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबाचं मूल तुमच्याकडे असेल तर त्याचं नाव इथल्या अंगणवाडीत घालायला आधी सांगा. ते राहून जातं आणि हंगाम संपतो.

पाच रुपयांची पुडी स्वस्त समजणे

कुरकुऱ्यांची पुडी फोडली की पोरगं गप्प बसतं, पण दुपारचं वरण-भात मग जात नाही. तेवढ्याच पैशात कूट-गुळाचा लाडू किंवा मुरमुऱ्यांत कांदा-टमाटा होतो. फक्त आख्खे फुटाणे आणि शेंगदाणे लहान पोरांच्या हातात देऊ नका, श्वासनळीत अडकतात. कूटच द्या.

मे महिन्यातला घरचा डबा

डबा घरून आणला तर खर्च वाचतो हे खरं, पण आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत सकाळचं वरण दुपारपर्यंत आंबतं. उन्हाळ्यात घरून कोरडं येऊ द्या, भाकर, चटणी, मुरमुरे. वरण-भात तुम्ही ताजा करा आणि तेवढाच दर घ्या. उरलेलं संध्याकाळी मुलांना वाढायचं नाही, मग कितीही वाया जावो.

"माह्यं पोट्टं खातच नाही, अर्धेच घ्या न"

असं म्हणणाऱ्या आईला एकदा दुपारी बोलावून पोराचं ताट दाखवा. बरेचदा घरी न खाणारं लेकरू चार जणांच्या पंगतीत खातं. खरंच कमी खात असेल तर दर कमी करू नका, अंगणवाडीत त्याचं वजन करून घ्यायला सांगा.

पैसे थकले म्हणून ताट बंद करणे

हे कधीही करू नका. उधारी आईबापाची असते आणि उपाशी तीन वर्षांचं पोर राहतं. थकलेले पैसे वहीत त्या घराच्या पानावर तारखेसह लिहा, बोलणं संध्याकाळी आई एकटी असताना करा, इतर बायांसमोर नाही. दोन बाजार गेले तरी पैसे आले नाहीत तर हप्ता बांधून द्या, किंवा हंगामात तूर-ज्वारीने फेडायला सांगा. तेही जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून सांभाळणार नाही असं स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण लेकरू तुमच्या दारात आहे तोवर त्याचं ताट बाकीच्यांसारखंच लागलं पाहिजे.