कॉल रेकॉर्डिंगसाठी पोर्ट मिरर लावण्याआधी

पोर्ट मिरर म्हणजे नेटवर्क स्विचच्या एका पोर्टमधून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची प्रत रेकॉर्डरकडे पाठवणं. "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" ही सूचना ग्राहकाला ऐकू जाते का, ते आधी पाहा. वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. या दोन्हींशिवाय स्विचला हातही लावू नका.

मग पोर्ट. व्हीओआयपी गेटवे (आपले नेटवर्कवरचे फोन बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) ज्या पोर्टला जोडलाय तोच मिरर करायचा, आणि दोन्ही दिशांनी. येणारं आणि जाणारं. मागच्या वेळी मी फक्त येणारं निवडलं. गेटवेकडून स्विचमध्ये येतो तो ग्राहकाचा आवाज. आपल्या माणसाचा उलट दिशेने जातो. तीन आठवडे फाइली साठत राहिल्या, एकही उघडून ऐकली नाही. मग एका बाईंची तक्रार आली: दंड लागणार नाही असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. फाइल लावली. बाई विचारतात, "म्हणजे दंड नाही ना?" चार सेकंद शांतता. मग, "बरं, ठेवते." त्या चार सेकंदांत आमचा माणूस काय बोलला, ते आता कधीच कळणार नाही. बाईंना न्याय देता आला नाही, त्यालाही नाही. म्हणून पुन्हा सांगते, दोन्ही दिशा.

मात्र त्याच्या जोडीला फोनचे पोर्टही मिरर करू नका, एकच पॅकेट दोनदा येतं. वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) टेलिफोनी मेनूतून आरटीपी स्ट्रीम्स, म्हणजे आवाजाचे प्रवाह, उघडा. एका कॉलला दोन ओळी दिसायला हव्यात, आयपी पत्ते उलटसुलट. एकच ओळ दिसली तर तिथेच थांबा, दिशा तपासा.

एसआरटीपी, म्हणजे आवाजाचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर मिररमधून नुसती खरखर मिळेल. मग एसबीसीकडून (नेटवर्कच्या सीमेवर कॉल आत-बाहेर सोडणारं यंत्र) सिपरेकने (रेकॉर्डरला कॉलची प्रत देण्याची प्रमाण पद्धत) प्रत घ्या. फोन ते फोन थेट जाणारे कॉल गेटवेवर येतच नाहीत, तेही सुटतात.

जागेचा हिशेब: आवाज डिजिटल करण्याच्या जी.७११ पद्धतीला एका बाजूचे ६४ केबीपीएस, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तासाला ५७.६ एमबी. एकाच बाजूचा हिशेब करू नका. तारेवर हेडर (प्रत्येक पॅकेटला जोडलेली पत्त्याची माहिती) धरून एका बाजूला साधारण ८७ केबीपीएस लागतात.

सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळावीत म्हणून एनटीपी लावा. फाइली कोण ऐकू शकतो ते ठरवा. जुन्या कधी पुसायच्या तेही.

शेवटी बाहेरून एक कॉल करा. बाहेरच्याने एक, तीन, पाच म्हणायचं, आतल्याने दोन, चार, सहा. फाइल स्वतः ऐका. सहाही आकडे ऐकू आल्याशिवाय घरी जाऊ नका.