दवाखान्यात जाताना कमरेला पिस्तूल: या चुका टाळा

मी शिकागोजवळ एमआरआय विभागात काम करते. पेशंटला आत घेण्याआधी आम्ही फॉर्म भरून घेतो, मग तेच प्रश्न पुन्हा तोंडी विचारतो. तरीही एक दिवस कपडे बदलायच्या खोलीतून एका गृहस्थांनी हाक मारली, "हे कुठे ठेवू?" हातात होल्स्टरसकट, म्हणजे कमरेच्या म्यानासकट, पिस्तूल. अंगावर धातूचं काही नाही, असं त्यांनी दहाच मिनिटांपूर्वी लिहून दिलं होतं. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. रोज कमरेला असतं, म्हणून ते आहे हेच विसरले होते. तेव्हापासून ओळखीतल्या, पिस्तुलाचा परवाना असलेल्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते.

"तिथे गेल्यावर बघू"

सगळ्यात मोठी चूक ही. तपासणी म्हटली की शर्ट वर करा, पँट सैल करा, गाऊन घाला, हे आलंच. मग पिस्तूल घाईघाईत काढलं जातं, जॅकेटमध्ये गुंडाळलं जातं, टॉयलेटच्या खुंटीला अडकवून तिथेच राहून जातं. धोका या काढघाल करण्यातच जास्त असतो. अपॉइंटमेंटच्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्या. वाटेत न्यावंच लागलं तर गाडीत बोल्टने बसवलेली लॉकची पेटी हवी, आणि होल्स्टरसकट काढून त्यात ठेवावं, म्हणजे ट्रिगर झाकलेला राहतो. पार्किंगमध्ये बसून गोळ्या काढत बसू नका.

"परवाना आहे ना माझ्याकडे!"

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या 2013 च्या कायद्यानुसार सरकारी असो वा खासगी, हॉस्पिटलमध्ये परवानेधारकालाही पिस्तूल नेता येत नाही. पार्किंगमध्ये मात्र बंद गाडीत, बाहेरून दिसणार नाही असं ठेवता येतं. इतर खासगी जागांच्या दारावर 4 बाय 6 इंचांची पाटी शोधा: काळं पिस्तूल, त्यावर लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत तर पार्किंगसकट सगळ्या आवारात बंदी आहे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि ते बदलतही असतात. दुसऱ्या राज्यात उपचाराला जाणार असाल तर आधी तिथले नियम वाचा.

"मी तर फक्त सोबत आलोय"

एमआरआयचं चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. रात्री, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दिव्यासारखं बटण दाबून ते झटकन बंद करता येत नाही. जानेवारी 2023 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत एक वकील आईला स्कॅनसाठी घेऊन आले होते. पेशंट ते नव्हतेच, पण कमरेला पिस्तूल ठेवून आत गेले. चुंबकाने ते खेचलं, गोळी पोटात गेली, आणि काही आठवड्यांनी ते वारले. न्यूयॉर्क राज्यात 2000 साली एका पोलिसाच्या हातातून पिस्तूल असंच सुटून मशीनवर आदळलं आणि सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ, लावलेली असूनही गोळी सुटली. सुदैवाने ती भिंतीत घुसली. त्या प्रकरणात तंत्रज्ञ आणि पोलिस यांच्या बोलण्यात गैरसमज झाला होता, एवढंच. मुंबईकरांना नायर हॉस्पिटलमधली जानेवारी 2018 ची घटना आठवत असेल. तिथे बंदूक नव्हती, ऑक्सिजनचा सिलिंडर होता, आणि जीव गेला तो पेशंटसोबत आलेल्या नातेवाईक तरुणाचा. म्हणून आम्ही विचारू तेव्हा सोबत आलेल्यांनीही खिसे, कंबर, पाय चाचपून पाहा. "आहे" म्हणायला लाजू नका. आम्ही तुम्हाला दाराबाहेरच थांबवू, त्यात अपमान काही नाही.

परतीच्या गाडीचा विसर

हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कोलोनोस्कोपीसारख्या (मोठ्या आतड्याच्या) तपासणीत गुंगीचं औषध देतात, त्यामुळे त्या दिवशी गाडी दुसरं कुणीतरी चालवतं. बहुतेक वेळा एच-1बीवरचा, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा, मित्र किंवा भाऊ. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तुमच्या ग्लोव्ह बॉक्समधलं पिस्तूल त्याच्या गळ्यात का अडकवता? त्या दिवशी ते गाडीतही नको.

अॅम्ब्युलन्समध्ये गप्प राहणं

छातीत कळ आली, अपघात झाला, तर घरी ठेवायला सवड कुठली? अशा वेळी शुद्धीत असाल तर पॅरामेडिक जवळ येताच सांगा. स्वतः काढून द्यायला जाऊ नका. हात दिसतील असे ठेवा आणि शांतपणे म्हणा, "माझ्या उजव्या कमरेला भरलेलं पिस्तूल आहे, मी हात लावत नाहीये." ते कसं आणि कोणी काढायचं, ते त्यांना ठरवू द्या.