आईच्या मुंग्या आणि ॲसिडिटीची गोळी

आईच्या तळपायांना सतत मुंग्या यायच्या, अंधारात तोल जायचा. सगळे वयावर ढकलत होते. मला खटकली ती तिची ॲसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल, वर्षानुवर्षं रोज उपाशीपोटी चालू असलेली. नसांना लागणारं जीवनसत्त्व म्हणजे बी-१२; ते कमी पडलं की अशा मुंग्या येतात, तोल जातो. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ही गोळी नेमकं तेच कमी करते. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन. तीही बी-१२ घटवते! डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवून रक्ततपासणी करून घेतली. बी-१२ फारच कमी निघालं. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. त्यातलं बी-१२ सुटंच असतं, त्याला आम्ल लागत नाही. पॅन्टोप्राझोल मात्र एकदम बंद केली नाही, नाहीतर आम्ल उसळून येतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. आता तोल सावरलाय, मुंग्या थोड्या उरल्यात.